निळी डबी, पितळी डबी

आमच्या घरात सकाळी भांडं वाजायच्या आधी आयचा श्वास वाजायचा. तिला दमा होता. मळणीयंत्रावर बाजरीचा भुसा ओढण्यात तिची निम्मी हयात गेली आणि तो भुसा तिच्या छातीत जाऊन बसला तो कायमचा. दोन खोल्या, वर पत्रा, मधे कुडाची भिंत. भिंतीपलीकडून तिच्या छातीतली मांजराची पिल्लं बोलायला लागली, की माझी बायको कौसल्या चुलीवर आधी पाणी ठेवायची आणि मग पीठ मळायला घ्यायची. दादा, म्हणजे माझे वडील, लवकर गेले. त्यामुळे घरात हुकूम आयचा चालायचा आणि तोही तुटक, दोन दोन शब्दांचा, कारण जास्त बोलायला तिला हवा पुरायची नाही. पण तिची तक्रार नव्हती. ती म्हणायची, "दमा चोरावानी येत न्हाई. आदी निरोप धाडतो. मी निरोप आला की बसते. म्हनून अजून हाय." हे ती भाकरी थापता थापता बोलायची आणि आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

आता मी साठी ओलांडली. हात लिहायला बसत नाही, शाळा तिसरीपर्यंतच झालेली. पण पाण्याखालच्या माझ्या गोष्टी दुसऱ्याच कुणीतरी चुकीच्या सांगाव्यात हे मला चालत नाही. म्हणून लिहितो.

आमचं गाव शेवगावच्या खालच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. वर माळ कोरडा ठणठणीत आणि खाली पाणी. मी चालायच्या आधी पोहलो असं आय सांगायची, त्यात थोडं मीठमसाला असेल, पण श्वास कोंडण्यात पंचक्रोशीत माझ्या तोडीचा कुणी नव्हता हे खरं आहे. विहिरीत मोटार पडली, पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह अडकला, बादली गेली, कळशी गेली, की सायकलवर माणूस यायचा, "सुदाम हाय का?" मी जायचो. आमच्याकडं विहिरीची खोली परसावर सांगतात, परस म्हणजे पुरुषभर उंची. पाच परस, सहा परस विहीर असली तरी मी तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचो आणि काठावर टाकायचो, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. काही मालक विहिरीला नारळ फोडायला सांगायचे. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ते नाही. मी म्हणायचो, "विहीर तुमची, नारळ तुमी फोडा, मी खोबरं खाईन." माझ्या आज्याला याच विहिरींच्या काठावर पाय ठेवू देत नव्हते. मी त्यांच्या तळात बसून आलोय. हे मी मुद्दाम लिहितो.

पाण्यातून आल्यावर आय हुलग्याची शेंगोळी करायची. काळ्या मसाल्याची, वर तेलाची तार आलेली, इतकी गरम की ताटलीची कड ओठाला चटका द्यायची. पाण्यात जायच्या आधी मात्र घासभर भाकरीसुद्धा द्यायची नाही. "भरल्या पोटी मानूस जड," म्हणायची. ती स्वतः कधी पाण्याच्या काठावर आली नाही. गावात वाघ म्हणून फिरायचो मी, आणि घरी आलो की ती आधी माझं नाक बघायची, रक्त आलंय का.

श्वास कोंडून होतं ते काम छोटं. मोठी कामं होती पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलची. जॅकवेल म्हणजे धरणाच्या कडेला बांधलेली ती जाडजूड सिमेंटची विहीर, जिच्यात मोटारी बसवून वरच्या माळाला पाणी ढकलतात. तिथं खाली बसून नटबोल्ट खोलायचे तर दोन मिनिटांच्या श्वासात काय होणार? यावर शेवगावच्या शब्बीरभाईनं तोड काढली. त्याचं पंक्चरचं दुकान होतं. चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर टेम्पोत टाकायचा, त्याची नळी मी दातात धरायची आणि खाली जायचं. हवेला डिझेलचा आणि रबराचा वास यायचा, दोन दिवस डोकं ठणकायचं, पण काम व्हायचं. शब्बीरभाई वर दोर धरून बसायचा. दोराला एक हिसका म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे वर ओढ. एका उन्हाळ्यात, मी खाली असतानाच, कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. मला खाली कळलं ते एवढंच की नळीतून काही येईना. मी ओढलं तर माझेच गाल आत ओढले गेले. वर कसा आलो ते शब्बीरभाईला माहीत, मला नाही. त्या दिवशी नाकातून रक्त होतं.

आयनं ते बघितलं. तिनं टेम्पोतलं ते नळीचं वेटोळं उचललं, विळीवर बसली आणि गवार मोडावी तशी ती नळी वीतवीत कापून काढली. शब्बीरभाई दारात उभा राहून बघत होता.

"आम्मा, नळी माझी हुती."

"पोरगं माजं हाय," आय म्हणाली. मग श्वास गोळा करून मला म्हणाली, "दुसऱ्याच्या पट्ट्यावर लोंबकळून पान्यात जायाचं न्हाई. तुजी हवा तुज्या पाठीला बांदून मिळत आसंल तर जा. न्हाईतर ऊस तोडाय जा."

पाठीला हवा बांधून मिळते हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. ती चिडून बोलली होती, अशक्य असं काहीतरी बोलायचं म्हणून.

पण तसा माणूस मी त्याच उन्हाळ्यात पाहिला. कालव्यात एक टेम्पो गेला होता आणि तो काढायला श्रीरामपूरहून एकाला बोलावलं. वय झालेला, डोक्यावर पांढरे केस, पोट थोडं सुटलेलं. पाठीला लोखंडी टाकी बांधली, तोंडात काहीतरी धरलं आणि पाण्यात असा उतरला जसा कुणी आपल्या घरात पायरी उतरतो. ना नळी वर, ना कॉम्प्रेसर. काठावरच्यांच्या दोन दोन बिड्या ओढून झाल्या तरी तो खालीच. मी पाण्यावरचे बुडबुडे बघत बसलो होतो. ते एकसारखे येत होते, घाई नाही काही नाही. मला त्या बुडबुड्यांचा हेवा वाटला. तो वर आल्यावर मी त्याची टाकी उचलायला गेलो तर म्हणाला, "हात लाव, पर पाडू नको. बॉम्ब हाय तो." ते पौलसकाका. जन्म नौदलात पाणबुड्या म्हणून गेला आणि निवृत्त होऊन श्रीरामपूरला आपल्या घरी येऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्यांच्या दारात हजर. अंगणात पेरूचं झाड, खाटेखाली टाक्या ओळीनं निजवलेल्या. काकींनी चहाबरोबर केक दिला. मी केक पहिल्यांदा खाल्ला तो तिथं.

काकांनी मला शिकवायचं कबूल केलं, त्याच्या बदल्यात त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ मी काढायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी सगळी शान मोडली. मी म्हणालो, मी लई येळ श्वास कोंडतो. ते म्हणाले, "तेच इसरायचं. टाकीवरची हवा घेतली की श्वास कोंडायचा न्हाई. कोंडून वर आलास तर छाती फुटंल, फुग्यावानी." आता सांगा, ज्या गोष्टीवर गाव मला ओळखतं तीच करायची नाही! पहिले कित्येक दिवस मी खाली गेलो की सवयीनं दात आवळून बसायचो आणि काका माझ्या पोटात बोट खुपसायचे, म्हणजे हवा सुटावी. आमच्यासारख्या विहिरीच्या पोरांची ही एक खोडच, आणि ती जायला आख्खा हिवाळा गेला. शेवटी एका सकाळी मी काकांच्या विहिरीत तळाला बसून होतो आणि माझ्या ध्यानात आलं की मी नुसताच श्वास घेतोय. आत, बाहेर. जसा ओट्यावर बसून घेतो तसा. पाण्याखाली मला पहिल्यांदा घाई नव्हती.

मग काका म्हणाले, आता तुला तुझा रेग्युलेटर पाहिजे. हे यंत्र ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो. रेग्युलेटर म्हटलं की आमच्याकडं पंख्याचा नाहीतर गॅसच्या शेगडीचा. हा तसा नाही. टाकीच्या तोंडावर एक धातूचा ठोकळा आवळायचा, त्याला एक रबरी नळी आणि नळीच्या टोकाला तळहाताएवढी डबी, ती दातात धरायची. टाकीतली हवा इतक्या जोराची असते की सरळ तोंडात घेतली तर माणूस उरायचा नाही. ही डबी ती हवा मवाळ करून, तुम्ही ओढाल तेव्हाच आणि ओढाल तेवढीच देते. जीव सगळा तिच्यावर. काका मुंबईला मुलीकडं गेले होते, तिथल्या जुन्या जहाजी मालाच्या बाजारातून त्यांनी दोन आणले. दोन्ही त्यांनी खोलून, रबरं बदलून ठाकठीक केले होते. एकाची डबी निळी, झाकण चकचकीत, हातात धरली तर चिमणीएवढी हलकी. दुसरी पितळी, वरचा मुलामा उडालेला, जड, घरातल्या जुन्या तांब्यासारखी.

"यातली कुठली चांगली, काका?"

"दोनी चांगल्या. यक तुजी, यक मी ठिवीन. ठरीव तू."

"तुमी सांगा की."

"लगीन करताना मला इचारलं हुतं का? दात तुजे, छाती तुजी. घरी ने, चार दिस ऱ्हा तिच्यासंगं."

मी शिकताना उरलेल्या थोड्या थोड्या हवेच्या दोन टाक्या त्यांनी बरोबर दिल्या. त्या मी गोधडीत गुंडाळून एसटीत चढवल्या. कंडक्टर आडवा आला.

"गॅसची टाकी न्यायची न्हाई गाडीत."

"गॅस न्हाई. हवा हाय."

"कसली हवा?"

"ही, आपली. नाकातली."

त्यानं एका हातानं उचलून बघितली आणि कण्हला. "हवेला येवढं वजन आस्तं व्हय?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आसंल की बाबा. माज्या सुनेच्या बोलन्यात नुसती हवाच आस्ती, पर लई जड जाती." सगळी गाडी हसली आणि कंडक्टरनं घंटी मारली.

घरी आणून टाक्या मी ओसरीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, दोरीनं बांधल्या आणि एकीवर निळी, दुसरीवर पितळी आवळली. माझा निर्णय एसटीतच झाला होता. निळी. तिच्यातून हवा अशी यायची जशी उन्हाळ्यात खिडकी उघडावी. पितळीला जरा ओढावं लागायचं. मी दोन्ही तोंडात धरून कौसल्येला दाखवल्या, तिला हसू आवरेना. आय तेव्हा शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, "ह्याच्यातून हवा आपसूक येती?" मी म्हणालो, ओढली की येते. ती म्हणाली, "मला दे." मी म्हणालो, "तुला कशाला?" तर म्हणाली, "हवेचं तुला काय कळतंय? तू फुकट घेतलेली हाय जलमभर. मी मोजून घेती."

तिनं आधी निळी दातात धरली. दोन घोट घेतले आणि डोळे मोठे केले. मग डोळे मिटले. मी तिचा चेहरा इतका सैल कधी पाहिला नव्हता. ती डबी काढेचना. तशीच दातात धरून शेंगा फोडायला लागली, सुईऽऽ फुस्स, सुईऽऽ फुस्स, आणि दाणे सुपात पडताहेत टपटप. कुंपणाबाहेर बाया जमल्या.

"काय वो राहीबाई, हुक्का वढता का काय?"

आयनं तोंडातली डबी न काढता हातानं जा म्हणून खूण केली. कोंबडा त्या फुस्स आवाजाला घाबरून पत्र्यावर जाऊन बसला. असं बराच वेळ चाललं. आणि एकदम, शेंग हातात असताना, आय थांबली. गाल आत गेले. तिनं डबी ओढून काढली आणि हवेसाठी तोंड उघडलं. टाकीतली हवा संपली होती. कौसल्या पळत आली, पाठ चोळली, पाणी दिलं. मी घाबरलो होतो, पण वरून म्हणालो, "संपनारच की कदी तरी."

श्वास जागेवर आल्यावर आयनं बोटानं पितळी दाखवली. मी नको म्हणत होतो, पण ती ऐकणारी नव्हती, आणि मी तिचाच मुलगा आहे. तिनं पितळी दातात धरून पुन्हा सूप पुढं ओढलं. आता आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. आधी ठीक चाललं. मग हळूहळू फुस्स लांबत गेलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ओढायला जोर लागायला लागला हे तिच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. तिनं डबी काढली नाही. आणखी थोडी ओढली, आणखी जड झाली, मग आपल्या हातानं, शांतपणे, तिनं ती काढून पदरानं पुसली आणि खाली ठेवली. टाकीत अजून हवा शिल्लक होती, मी तोंडात धरून बघितली.

"ही घे," आय म्हणाली.

"ही? आगं, ही तर जड हुती!"

"म्हनूनच. ती निळी शेवटपोत्तर ग्वाड बोलली आन् धाडदिशी दार लावलं. ही आदी सांगती. कुरकुर करती, पर सांगती." एवढं बोलून तिला दम लागला. मग थांबून म्हणाली, "कुरकुऱ्या मानसाचा भरवसा आस्तो रं."

मी हट्टी होतो, अजूनही आहे. मी म्हणालो, टाकीत किती हवा राहिली हे दाखवायला काट्याचं घड्याळ असतं, नळीला लटकतं, ते बघायचं आणि वर यायचं. डबीनं कशाला सांगायला पाहिजे? शेजारी जमलेली माणसंही म्हणाली, नवी घे सुदाम, म्हाताऱ्या मानसाचं काय ऐकतो. आय म्हणाली, "घड्याळ दिसंल का तुला खाली?" आणि शेंगा घेऊन आत गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. कौसल्या म्हणाली, "निळीवर येवढा जीव आसंल तर तिच्यासंगंच लगीन करायचं हुतं."

आयच्या त्या घड्याळाच्या प्रश्नानं मला बसू दिलं नाही. काकांची विहीर झऱ्याची, स्वच्छ. तिच्यात तळाला बसून मी बोटांची नखं बघितली होती. पण जॅकवेलमध्ये मी नळी दातात धरून कितीदा उतरलो होतो, आणि तिथं मी डोळ्यांनी काही पाहिलंय असं मला आठवेना. तिथं सगळं काम हातांचं. शब्बीरभाईकडं चाकातली हवा बघायचं घड्याळ होतं, तेवढंच, काट्याचंच. ते मी मागून घेतलं आणि शब्बीरभाईला घेऊन जॅकवेलवर गेलो. श्वास कोंडला, जुन्या पद्धतीनं, आणि ते घड्याळ मुठीत धरून खाली गेलो. तळाशी पायानं गाळ हलला. मी घड्याळ काकांनी दिलेल्या, डोळ्यावर चढवलेल्या काचेला टेकवलं. काळं. काचेवर घासलं. काळंच. मी माझा हात माझ्या नाकासमोर धरला आणि तोही नव्हता.

वर आलो तर शब्बीरभाई म्हणाला, "किती दावतंय?"

"काय न्हाई दावत."

"बिघडलं का काय?" तो घड्याळ उलटंपालटं करायला लागला.

लोक सांगतात की सुदामनं आयचं ऐकलं. मी आयचं ऐकलं नाही. मी त्या पाण्याचं ऐकलं. आता ती दोघं एकच बोलत होती त्याला मी काय करणार?

निळी परत करायला गेलो तेव्हा पौलसकाका पेरूखाली बसले होते. मी पितळी ठेवली म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, शंभरातले नव्व्याण्णव निळीच घेतील. तिच्या आत जास्तीची सोय असते, टाकी भरलेली असो की सरत आलेली, श्वास सारखाच. पितळीत ती सोय नाही, टाकीचा जोर कमी झाला की श्वास जड होतो. "मीबी निळीच घेतली असती," ते म्हणाले, "पर मी समुद्रात काम केलं. आमाला घड्याळ दिसायचं. कुनी सांगितलं तुला हे?"

"आमच्या आयनं. दमेकरी हाय."

काका मोठ्यानं हसले आणि काकींना हाक मारली, "आगं, ह्याच्या आयसाठी केक बांद."

आता दिवा लागणारी घड्याळं मिळतात, हाताला बांधायची, ती थरथरून सांगतात म्हणे. नातू मोबाईलवर दाखवतो. असू देत. चांगलंच आहे.

पितळीचं पहिलं काम उन्हाळ्यात आलं. वरच्या माळाला पाणी देणाऱ्या सोसायटीची मोटार पाणी ओढेना. कांदे शेवटच्या पाण्यावर आलेले, आणखी दोन-तीन दिवस पाणी नाही मिळालं तर माना टाकून वाळणार. जॅकवेलच्या काठावर सगळं गाव. सोसायटीचे चेअरमन भाऊसाहेब छत्री धरून उभे. काकांकडून दोन टाक्या भरून आणल्या होत्या, त्यातली एक मी बांधत होतो तोच शब्बीरभाईचा टेम्पो आला आणि त्यातून आय उतरली. मी म्हणालो, "तू कशाला आली?" ती म्हणाली, "डबी म्या निवडली. मी बघनार." आणि काठापासून लांब, टेम्पोच्या सावलीत, पोत्यावर बसली.

खाली उतरलो. मोटार बंद ठेवलेली. पाइपाच्या टोकाला जाळीचा पिंजरा असतो, कचरा आत जाऊ नये म्हणून, तो हातानं चाचपला तर मासे धरायचं आख्खं जाळं त्याला गुंडाळलेलं, त्यात जलपर्णीची मुळं आणि कुणाची तरी घोंगडी. मी विळ्यानं कापत बसलो. डोळे मिटले काय आणि उघडे काय, सारखंच. फक्त माझा श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या मागं बुडबुडे. एक बाजू मोकळी झाली, दुसरी झाली. घोंगडी निघाली. जाळ्याचा शेवटचा पीळ राहिला, तो पिंजऱ्याच्या खाली, अंगठ्याएवढा. तेवढ्यात श्वास जरा जड लागला. मला वाटलं, दमलो. विळा चालवला. पुढचा घोट आणखी जड. जसं कुणी नळीवर पाय ठेवतंय. मी थांबलो.

त्या पिळावर माझा हात होता. चार वेळा विळा ओढला असता की सुटला असता. मी आयुष्यात काम अर्धं टाकून वर आलो नव्हतो, तळाचा गाळ मुठीत आणणारा माणूस मी. वर आख्खं गाव. मला हे लिहायला सोपं जातंय, पण तिथं त्या काळोखात तो पीळ सोडणं मला आख्खं जाळं कापण्याहून जड गेलं. पितळीनं आणखी एकदा कुरकुर केली. मी पीळ सोडला, दोराला हिसके दिले आणि हवा सोडत सोडत, सावकाश, वर आलो.

"झालं?" भाऊसाहेबांनी वरून विचारलं.

"न्हाई."

"मंग वर कशाला आला?"

"हवा घ्यायला."

काठावर हशा पिकला. "मायला, येवढी टाकी पाठीला, आन् हवा घ्यायला वर!" कुणीतरी म्हणालं, "सुदाम, आता लगीन झालं तुजं, दम ऱ्हायला न्हाई." मला कान तापलेले कळत होते. शब्बीरभाईनं दुसरी टाकी लावली, मी पितळी तिच्यावर आवळली, दोन घोट घेऊन बघितले आणि त्यांचं हसणं चालू असतानाच पुन्हा खाली गेलो. पीळ हाताला लगेच सापडला. बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ लागला नसेल. पिंजरा चारी बाजूंनी मोकळा आहे हे हात फिरवून बघितलं आणि वर आलो, आणि भाऊसाहेबांना म्हणालो, "दाबा बटन."

मोटार आधी नुसती गुरगुरली. मग पाइपात खोकल्यासारखा आवाज झाला, पाइप थरथरला आणि माळाच्या बाजूला तो आवाज चढत गेला. कुणीतरी ओरडलं, "चढलं, चढलं!" आणि सगळं गाव वरच्या हौदाकडं पळालं, पाणी पडताना बघायला. भाऊसाहेबांची छत्री उलटी झाली तरी ते पळत होते. मला कुणी शाबास म्हणायलाही थांबलं नाही. काठावर मी, दोर गुंडाळणारा शब्बीरभाई आणि पोत्यावरून उठून आलेली आय. ती पाण्याच्या इतक्या जवळ आलेली मी पहिल्यांदा बघत होतो. तिनं माझी हनुवटी धरून नाक बघितलं. मग डबीकडं बघितलं.

"सांगितलं का तिनं?"

"सांगितलं."

"कवा?"

"थोडंच काम ऱ्हायलं हुतं तवा."

"आन् तू ऐकलं?"

"ऐकलं."

आयनं शब्बीरभाईकडं मान वळवली. "बघ रं शब्बीर," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिनं चांगला लांब श्वास भरून घेतला, "ह्यानं कुनाचं तरी ऐकलं."